लहान कारखाना, मोठा कारखाना आणि निर्यातीची साखर



हंगाम उतरणीला लागला, गोदामातल्या थप्प्या छताला टेकल्या आणि बाहेर ताडपत्रीखाली पोती रचायची वेळ आली, की सभासदांकडून एक प्रश्न हमखास येतो. एवढी साखर पडून आहे तर ती परदेशात का पाठवत नाहीत? वर्तमानपत्रात रोज निर्यातीच्या बातम्या येतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या अमक्या कारखान्याने इतके कंटेनर पाठवले असे कोणीतरी सांगतो. मग डोंगरकड्याच्या पट्ट्यातला ऊस काय कमी गोड आहे? आमच्या एका वडीलधाऱ्या सभासदांनी तर आपल्या बोलीत सरळ विचारले, "आपली साखर गोदामात बसून काय करूलाली? व्याज खाऊलाली, दुसरं काय!"

प्रश्न रोखठोक आहे आणि त्याचे उत्तर तितके रोखठोक नाही. निर्यात करायची की नाही, हा निर्णय साखरेपेक्षा खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या मनावर अवलंबून असतो, आणि ते मन पुष्कळदा कारखान्याच्या आकाराप्रमाणे घडलेले असते. लहान कारखान्याचा कार्यकारी संचालक निर्यातीचे नाव काढले की सावध होतो. मोठ्या कारखान्याचा तेच नाव ऐकून फोन उचलतो. असे का होते आणि तसे व्हायलाच हवे का, याचा थोडा खोलात जाऊन विचार करावा म्हणून हा लेख.

आधी जुनी गोष्ट. साखर निर्यातीबद्दल कारखान्याच्या मॅनेजरला मत असायचे कारणच नव्हते, असाही एक काळ होता. सन १९५८ मध्ये केंद्र सरकारने साखर निर्यातीला उत्तेजन देणारा कायदा केला. कोणत्या कारखान्याने निर्यातीसाठी किती साखर द्यायची ते वरून ठरे. साखर स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनसारख्या ठरलेल्या संस्थांमार्फत बाहेर जाई. १९७४ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या बाजारात कच्च्या साखरेचा भाव पौंडाला ६५ सेंटच्या घरात गेला. तेव्हा जगभर हाहाकार झाला, पण आपल्याकडच्या कारखान्यातला सेल्स क्लार्क नेहमीप्रमाणे लेव्ही आणि फ्री सेलची रजिस्टरे लिहीत बसला होता. त्याला न्यूयॉर्कशी देणेघेणे नव्हते. आदेश आला की पोती भरायची, ट्रकला लावायची आणि पावती घ्यायची.

जानेवारी १९९७ मध्ये हे बंधन सुटले. कारखान्यांना व व्यापाऱ्यांना निर्यातीचा रस्ता मोकळा झाला. पण रस्ता मोकळा झाला म्हणून चालायची सवय लगेच लागते असे नाही. चाळीस वर्षे दुसऱ्याने बोट धरून नेलेले. मोठ्या कारखान्यांनी हळूहळू स्वतःची माणसे तयार केली. लहान कारखान्यांनी मुंबईच्या दलालाचा नंबर डायरीत लिहून ठेवला. फरक तिथून सुरू झाला असे आम्हाला वाटते.

आता लहान म्हणजे किती आणि मोठा म्हणजे किती? प्रवरानगरचा पहिला सहकारी कारखाना १९५० साली सुरू झाला तेव्हा त्याची गाळप क्षमता दिवसाला ५०० टनांची होती. आज ५०० टन म्हटले तर गव्हाणीवरचा पोरगासुद्धा हसेल. पुढे १२५० टनांचा जमाना आला, मग २५०० टनांचा. आज पाच हजार, सात हजार, दहा हजार टनांचे कारखाने आहेत. डोंगरकड्याच्या कारखान्याने ही आकाराची गोष्ट जवळून पाहिली आहे. मराठवाडा सहकारी साखर कारखाना म्हणून त्याची ओळख होती. पुढे तो भाऊराव चव्हाण कारखान्याचे दुसरे युनिट झाला. एकटा कारखाना आणि मोठ्या घरातले युनिट यांच्या विक्रीच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाचा जीव सारखा राहात नाही, हे इथल्या सभासदाला वेगळे समजावून सांगायला नको.

लहान कारखान्याच्या साहेबाला भीती कशाची वाटते ते पाहू. लोक म्हणतात की त्याला धाडस नाही. आम्हाला हे पटत नाही. त्याच्या जागी बसून पाहिले तर त्याची भीती हिशोबी आहे.

पहिली भीती तारणाची. साखर तयार होते त्या दिवशीच ती बँकेकडे तारण जाते. पोत्यावर ठरलेल्या मूल्यांकनाने उचल मिळते, त्यातून उसाचे पैसे भागतात. साखर आपल्या गोदामात असली तरी कुलपाची एक किल्ली बँकेकडे असते. आता २०१८-१९ चा हंगाम आठवा. देशात साखरेचा महापूर, सरकारने ५० लाख टन निर्यातीचे उद्दिष्ट ठरवून प्रत्येक कारखान्याला कोटा वाटून दिला. पण परदेशातला भाव घरच्या भावाच्या बराच खाली होता, आणि बँकेने धरलेल्या मूल्यांकनाच्याही खाली. म्हणजे पोते विकून येणारे पैसे त्या पोत्यावरच्या कर्जाला पुरेनात. बँक म्हणे, आधी फरक भरा मग किल्ली. कारखाना म्हणे, फरक सरकारी अनुदानातून येणार आहे, ते आल्यावर देतो. या ओढाताणीत महिने गेले. मोठ्या कारखान्याने दुसऱ्या खात्यातून, आसवनीच्या किंवा विजेच्या पैशातून, फरक भरून साखर सोडवली. लहान कारखान्याकडे दुसरे खाते कुठले? त्या वर्षी ५० लाखांपैकी सुमारे ३८ लाख टनच साखर बाहेर गेली. उरलेल्या १२ लाखांत सगळेच काही भित्रे नव्हते. पुष्कळांच्या हातात किल्ली नव्हती.

दुसरी भीती चौकशीची. ही गोष्ट खाजगी कंपनीच्या मालकाला कळणार नाही, पण सहकारात काम केलेल्याला लगेच कळेल. खाजगी मालकाने तोट्यात माल विकला तर तो स्वतःच्या खिशातून भरतो आणि विसरतो. सहकारी कारखान्यात लेखापरीक्षक विचारतो की त्या दिवशी स्थानिक टेंडरचा भाव अमुक होता, मग तुम्ही तमुक भावाने परदेशी माल का दिला? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मधली ८३ कलमाची चौकशी आणि ८८ कलमाची नुकसान भरपाईची वसुली, ही दोन कलमे प्रत्येक कार्यकारी संचालकाच्या उशाशी असतात. निर्यातीचा फायदा झाला तर टाळ्या संचालक मंडळाला, तोटा झाला तर नोटीस त्याला. अशा स्थितीत माणूस स्थानिक टेंडर काढून मोकळा होतो. त्यात भाव कमी आला तरी सर्वांसमोर पाकिटे फोडलेली असतात, नाव ठेवायला जागा नाही.

तिसरी गोष्ट माणसांची. मोठ्या कारखान्यात विक्री विभागात चार-सहा माणसे असतात. त्यातला एक तरी लंडनच्या पांढऱ्या साखरेचा आणि न्यूयॉर्कच्या कच्च्या साखरेचा भाव रोज पाहतो, डॉलरचा दर लिहून ठेवतो, बंदरावरच्या क्लिअरिंग एजंटाशी बोलतो. लहान कारखान्यात विक्रीचा कारकून हाच मळीचे, भुश्श्याचे आणि भंगाराचेही बघतो, आणि निवडणूक आली तर मतदार यादीचेसुद्धा. त्याच्यापुढे पौंडाला सेंटचा भाव आला की त्याचे क्विंटलला रुपये करण्यातच दुपार जाते. हा टोमणा नव्हे. काम पाहूनच माणूस शिकतो, आणि काम वर्षातून एकदाच येत असेल तर तो शिकणार कधी?

चौथे कारण अंतर. नांदेड-हिंगोलीकडून न्हावा-शेवा बंदर सहाशे किलोमीटरच्या आसपास पडते. कोल्हापूरच्या कारखान्याला कोकणातले जयगड त्याच्या चौथाई-तिहाई अंतरावर आहे. क्विंटलमागे वाहतुकीचा फरक पडतो तो लहान-मोठा बघत नाही, सगळ्यांना सारखाच लागतो.

इथे एक गंमत सांगतो. उत्तर प्रदेशातले खाजगी कारखाने आपल्याकडच्या सहकारी कारखान्यांच्या मानाने आडदांड. दहा-दहा हजार टनांची क्षमता, मोठी कंपनी, शहरात कचेरी, शिकलेले अधिकारी. आकारावरच सगळे अवलंबून असते तर निर्यातीत ते सर्वांच्या पुढे असायला हवे होते. पण २०२२-२३ मध्ये सरकारने ६० लाख टनांचा निर्यात कोटा सर्व कारखान्यांना उत्पादनाच्या प्रमाणात वाटला, तेव्हा उत्तरेकडच्या कित्येकांनी आपला कोटा महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांना देऊन टाकला आणि बदल्यात त्यांचा देशांतर्गत विक्रीचा कोटा घेतला, वर काही रक्कमही घेतली. समुद्र हजार किलोमीटर लांब आणि दिल्लीचे गिऱ्हाईक दाराशी. त्यांच्या मॅनेजरने केले ते बरोबरच. म्हणून आकार मोठा म्हणजे निर्यातीची हौस मोठी, हा हिशोब इतका सरळ नाही.

विद्वान मंडळींनीही यावर पुष्कळ डोके चालवले आहे. १९७७ साली अमेरिकेत वॉरेन बिल्की आणि जॉर्ज टेसार या दोघांनी विस्कॉन्सिन राज्यातल्या लहान-मध्यम कारखान्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी कारखानदारांच्या पायऱ्या पाडल्या. पहिल्या पायरीवरचा असा की परदेशातून आपण होऊन मागणी आली तरी तो म्हणतो, नको बाबा. दुसरा आलेली मागणी पुरवतो पण स्वतः शोधायला जात नाही. तिसरा शोध घेऊ लागतो, चौथा जवळच्या देशात पाठवून बघतो, आणि असे करत पुढे जाणारा दूरवर पोचतो. वरच्या पायरीवर कोण चढतो हे पाहताना त्यांना असे दिसले की व्यवस्थापन चांगले असेल तर आकाराला फारसे महत्त्व उरत नाही. १९९२ मध्ये बोनाकोर्सी नावाच्या इटालियन अभ्यासकाने आपल्या देशातले आकडे तपासले. लहान कारखाने विक्रीतला कमी वाटा निर्यात करतात या समजाला त्या आकड्यांचा आधार मिळेना. कारण इटलीत एकेका गावात एकच धंदा करणारे शेकडो लहान कारखाने शेजारी-शेजारी आहेत, प्रातोला कापडाचे, सासुओलोला फरशीचे. एकाने पाठवले की शेजारी बघतो, खरेदीदार गावातच येतो, एजंट सगळ्यांना मिळून एक असतो. १९९४ मध्ये जोनाथन कॅलोफ यांनी कॅनडातले चौदा हजारांवर कारखाने तपासून सांगितले की आकाराचा संबंध आहे खरा, पण आकारावरून फार थोडेच कळते.

आता ही पायऱ्यांची फूटपट्टी आपल्या सहकारी साखर कारखान्यांना लावून बघा. कोटा आला की दुसऱ्याला देऊन टाकणारा पहिल्या पायरीवर. व्यापारी गेटवर आला, भाव बोलला, पैसे आगाऊ भरले तर माल देणारा दुसऱ्या पायरीवर. आमच्या अंदाजाने महाराष्ट्रातले बहुतेक कारखाने या दुसऱ्या पायरीवर आहेत, लहान काय आणि मोठे काय. कारखान्याच्या फाटकावर विक्री करायची आणि पुढचे जहाज, विमा, परकीय चलन सगळे निर्यातदार व्यापाऱ्याने बघायचे. वर्तमानपत्रात "अमक्या कारखान्याची साखर इंडोनेशियाला" असे छापून येते तेव्हा त्या कारखान्याच्या साहेबाने इंडोनेशियाचा कागदही पाहिलेला नसतो. यात कमीपणा काहीच नाही. पण मग "लहान कारखान्याला निर्यात झेपत नाही" हे म्हणणेही तितके खरे राहात नाही. कारण फाटकावर साखर द्यायला दहा हजार टनांची क्षमता लागत नाही.

थोडे आकडे मांडतो म्हणजे चित्र स्पष्ट होईल. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने २०२४-२५ च्या हंगामासाठी १० लाख टन निर्यातीला परवानगी दिली आणि प्रत्येक कारखान्याला आधीच्या तीन हंगामांच्या सरासरी उत्पादनाच्या ३.१७४ टक्के कोटा दिला. समजा एका कारखान्याची सरासरी ४ लाख क्विंटल साखर आहे. म्हणजे ४० हजार टन. त्याचा कोटा झाला १,२७० टनांच्या आसपास. एका वीस फुटी कंटेनरमध्ये सव्वीस-सत्तावीस टन पोती बसतात, म्हणजे साधारण ४८ कंटेनर. आता १५ लाख क्विंटलवाला दांडगा कारखाना घ्या. त्याचा कोटा ४,७६१ टन. ऐकायला चौपट वाटतो, पण सुटी साखर नेणाऱ्या एका जहाजात पंचवीस-तीस हजार टन आणि त्याहून जास्त माल जातो. त्या जहाजाच्या दृष्टीने दोघेही लहानच! जहाज भरायला शेवटी दहा-वीस कारखान्यांची साखर एकत्र करावीच लागते. समुद्रापुढे आमचा-तुमचा आकार काढण्यात अर्थ नाही.

आता त्या १,२७० टनांतून सभासदाच्या पदरात काय पडते तेही बघू. धरून चाला की निर्यातीत क्विंटलला घरच्यापेक्षा १०० रुपये जास्त मिळाले. १२,७०० क्विंटलचे झाले १२ लाख ७० हजार. ४ लाख क्विंटल साखरेसाठी १० टक्के उताऱ्याने ४ लाख टन ऊस गाळला. भागाकार केला तर टनाला तीन रुपये आणि काही पैसे. पन्नास टन ऊस घालणाऱ्या सभासदाला दीडशे-एकशे साठ रुपये. एवढ्यासाठी सभेत माईक ओढायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. अशा लहान कोट्याच्या वर्षी कार्यकारी संचालकाने कोटा बदलून घेतला आणि वेळेवर घरचा माल विकला, तर त्याला भित्रा म्हणणे अन्यायाचे होईल.

पण सगळी वर्षे अशी नसतात, आणि खरा प्रश्न तिथे आहे.

२०२१-२२ चा हंगाम मराठवाड्यातला शेतकरी लवकर विसरणार नाही. पाऊस भरपूर झालेला, इसापूर भरलेले, विहिरींना पाणी, जो तो ऊस लावून बसलेला. मे उजाडला, जून आला तरी फडात ऊस उभा. तोड मिळेना, टोळ्या गावाकडे निघून गेलेल्या, वजन घटत चाललेले. सरकारला वाहतुकीचे आणि उतारा घटीचे अनुदान जाहीर करावे लागले. राज्यात त्या हंगामात सुमारे १३७ लाख टन साखर झाली, तोवर कधी झाली नव्हती इतकी. एवढी साखर राज्याच्या गोदामांत बसली असती तर काय झाले असते याची कल्पना करवत नाही. पण त्याच वर्षी ब्राझीलमध्ये आधी दुष्काळ आणि मग कडाक्याची थंडी पडून ऊस मार खाऊन बसला होता. जगात भाव चढला, आणि आपल्याकडून सरकारी अनुदान नसताना सुमारे ११० लाख टन साखर बाहेर गेली. त्याआधी २०१९-२० मध्ये टनाला १०,४४८ रुपये अनुदान दिले तेव्हा कुठे ६० लाखांच्या जवळ पोचलो होतो.

अशा वर्षी सभासदाचा फायदा भावात कमी आणि वेळेत जास्त असतो. पुन्हा समजा, १ लाख क्विंटल साखर चार महिने आधी निघाली. क्विंटलवर ३,००० रुपये उचल आणि १२ टक्के व्याज धरले तर महिन्याला ३० रुपये व्याज. चार महिन्यांचे १२०. एक लाख क्विंटलचे सव्वा कोटीच्या आसपास. ४ लाख टन उसावर टनाला ३० रुपये. पन्नास टनवाल्याचे दीड हजार. शिवाय पैसा हातात आल्याने उसाचे बिल वेळेवर निघते. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे १४ दिवसांत बिल द्यायचे असते, नाहीतर वर १५ टक्के व्याज. ज्याच्या घरी लग्न ठरलेले आहे, ज्याला सोसायटीचे कर्ज मार्चअखेर फिरवायचे आहे, त्याला हे १४ दिवस काय असतात ते आकड्यांत सांगता येत नाही.

इथेच आम्हाला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट येते. ज्या मोठ्या कारखान्याकडे आसवनी आहे, तो जास्तीचा रस किंवा बी-हेवी मळी इथेनॉलकडे वळवू शकतो. त्याच्याकडे सहवीज प्रकल्प आहे, बँकेत पत आहे. निर्यात झाली तर ठीक, नाही झाली तरी त्याचे भागते. त्यातही धोरण बदलते हे डिसेंबर २०२३ मध्ये रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध आले तेव्हा दिसले, पण निदान त्याला दुसरे दार आहे. लहान कारखान्याकडे नुसती साखर. म्हणजे गोदाम लवकर रिकामे होण्याची गरज ज्याला जास्त, तोच निर्यातीला जास्त घाबरतो, आणि ज्याला गरज कमी तो बिनधास्त. उपाशी माणसानेच ताटाला हात लावायला भ्यावे, तसला प्रकार.

याचे आणखी एक अंग आहे. परदेशात पुष्कळ मागणी कच्च्या साखरेला असते, कारण तिकडच्या रिफायनऱ्या ती घेऊन आपली आपण शुद्ध करतात. कच्ची साखर करायला नवी यंत्रसामग्री फारशी लागत नाही. गंधकाचा खर्च वाचतो, पॅनवरचे काम थोडे सोपे होते. जुन्या यंत्रांच्या लहान कारखान्याला तर ती सोयीची. पण ती घरच्या बाजारात चालत नाही. पोत्यात भरली म्हणजे ती बाहेरच गेली पाहिजे, नाहीतर पुन्हा विरघळवून पांढरी करायची. म्हणून निर्णय दिवाळीच्या आसपास, हंगामाच्या तोंडाशी घ्यावा लागतो. चीफ केमिस्ट तयार असतो, साहेब म्हणतात सरकारचे धोरण येऊ द्या. आणि धोरण कधी येते? २०२४-२५ ची परवानगी आली तेव्हा जानेवारीची वीस तारीख उलटत होती. २०२२ मध्ये १ जूनपासून खुली निर्यात बंद झाली आणि परवान्याची झाली. २०२३-२४ च्या हंगामात तर निर्यातीला कोटाच मिळाला नाही. अशा बेभरवशात लहान कारखान्याने कच्ची साखर करून बसणे म्हणजे छत्रीशिवाय हस्ताच्या पावसात निघणे. दोष एकट्या साहेबांच्या मनाचा नाही. त्या मनाला वळण लावण्यात दिल्लीचा वाटा मोठा आहे.

दुसऱ्या बाजूचीही चूक सांगितली पाहिजे. २०२२ च्या हिवाळ्यात करार झाल्यानंतर जगातला भाव आणखी चढला, तेव्हा काही कारखान्यांनी आधी कबूल केलेल्या भावाने माल द्यायला नकार दिल्याच्या बातम्या आल्या. क्विंटलला चार पैसे जास्त मिळाले असतील. पण पुढच्या वर्षी व्यापारी भाव देताना ती जोखीम धरूनच बोलतो, आणि ती किंमत शब्द पाळणाऱ्या कारखान्यालाही मोजावी लागते.

मग लहानांनी करायचे काय? आपल्याच राज्यात एक उदाहरण आहे आणि ते साखरेचे नाही. नाशिक, सांगली, सोलापूरकडचा द्राक्ष बागायतदार दोन-पाच एकरवाला. त्याच्याइतका लहान निर्यातदार कोणी नसेल. १९९१ साली द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी मिळून महाग्रेप्स ही संस्था काढली. शीतगृह, प्रतवारी, खोकी, परदेशातले गिऱ्हाईक हे सर्व एका ठिकाणी, आणि बाग ज्याची त्याच्याकडे. सुरुवातीला युरोपात माल नाकारला गेला, शिकायला वर्षे लागली. सगळे सुखाचे झाले असेही नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशावरून युरोपात द्राक्षांचे कंटेनर अडले आणि कित्येक बागायतदार कर्जात बुडाले. पण त्यानंतरही निर्यात बंद पडली नाही. तपासणी कडक झाली, नोंदवही ठेवायची सवय लागली.

फार लांब कशाला, आपल्या अर्धापूर-वसमत पट्ट्यातली केळी बघा. एक एकर, दोन एकरवाला शेतकरी. अलीकडच्या वर्षांत त्याची केळी आखाती देशांकडे, इराणकडे जाऊ लागली. त्याने आयात-निर्यातीचा कोड काढलेला नाही की डॉलरचा दर पाहिलेला नाही. त्याने घडाला पिशवी घातली, फण्या जपून काढू दिल्या आणि तेरा किलोच्या खोक्यात बसेल असा माल दिला. बाकीचे पॅकहाऊसवाल्याने केले. आता तोच शेतकरी आपल्या कारखान्याचा सभासद आहे. केळीच्या बांधावर तो निर्यातीची भाषा सहज बोलतो आणि उसाच्या फडात आला की "ते आपलं काम नव्हं" म्हणतो.

साखरेतही एकत्र येण्याच्या जागा नाहीत असे नाही. मुंबईला राज्य सहकारी साखर कारखाना संघ आहे. दिल्लीला राष्ट्रीय महासंघ आहे, आणि इंडियन शुगर एक्झिम कॉर्पोरेशन ही उद्योगाचीच निर्यात संस्था आहे. पण पाच-सहा शेजारच्या कारखान्यांनी मिळून एक निर्यातीचा माणूस ठेवावा, एकच टेंडर काढावे, एकाच प्रतीची साखर एकाच खुणेच्या पोत्यात भरावी, असे मराठवाड्यात का होऊ नये? याचे उत्तर देताना साखरेपेक्षा निवडणुकीचे राजकारण आडवे येते, हे सभासदांना आम्ही सांगायची गरज नाही. उसाच्या पळवापळवीत हंगामभर एकमेकांच्या हद्दीत स्लिपबॉय पाठवणारे कारखाने एका टेबलावर बसून भाव ठरवतील का? बसले तर मात्र चार-चार लाख क्विंटलचे पाच कारखाने मिळून वीस लाख क्विंटल होतात, आणि त्या आकाराशी व्यापाऱ्याला आणि बँकेलाही वेगळ्या सुरात बोलावे लागते.

व्यवस्थापनाच्या मनातली चौकशीची भीती कमी करण्याचा एक साधा मार्ग सभासदांच्याच हातात आहे. निर्यातीचे धोरण हंगामाच्या आधी सभेपुढे यावे. एकूण साखरेपैकी किती टक्के, कोणत्या किमान भावाला, कोणत्या पद्धतीने, हे ठरावात लिहून जावे. त्या मर्यादेत राहून कार्यकारी संचालकाने माल विकला आणि पुढे बाजार फिरला, तर त्याला कोणी वेड्यात काढू नये. मर्यादा मोडली तर मात्र खुशाल जाब विचारावा. असा ठराव नसताना त्याने धाडस करावे ही अपेक्षा आम्हाला रास्त वाटत नाही.

आणि ज्या सभासदांना यात रस आहे त्यांनी वार्षिक अहवाल हातात आला की मागचे फोटो पाहण्याआधी साखर विक्रीचे पान काढावे. देशांतर्गत विक्री किती क्विंटल आणि सरासरी भाव किती, निर्यात किती आणि कोणत्या महिन्यात, कोटा बदलून दिला असेल तर त्यापोटी काय मिळाले, आणि मालतारण कर्जाचे व्याज मागच्या वर्षापेक्षा वाढले की घटले. ही चार उत्तरे शेजारी-शेजारी मांडली की आपल्या साहेबांनी त्या वर्षी काय केले ते दिसते. एखादा आकडा अहवालात नसेल तर तो सभेत मागून घ्यावा, उसाच्या भावाचा विषय निघायच्या आत. एकदा तो विषय निघाला की दुसरे काही ऐकू येत नाही, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव आहे.